छतातले स्पीकर काढू नका

म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, खेड या बाजूच्या मुस्लिम वस्त्यांत आखातातल्या कमाईवर जी घरे उभी राहिली, ती आत शिरताच ओळखू येतात. दिवाणखान्याला पीओपीचे छत, त्यात रंगीत दिवे, आणि दिव्यांच्या मधे ताटलीएवढी पांढरी गोल जाळी. पाहुणा तिला एसीची जाळी समजतो. तो असतो स्पीकर. घर बांधताना मुलाने दुबईत किंवा कुवेतमध्ये कुठे तरी पाहिलेले असते, म्हणून भिंतीत पाईप टाकून दोन-तीन खोल्यांत वायर फिरवलेली असते. पहिल्या ईदला तो वाजतो. मग अॅम्प्लिफायर बिघडतो, मुलगा परत जातो, आणि ती जाळी पुढची पंधरा वर्षे छतात गप्प बसून राहते. घरात उरलेले असतात आई-वडील, कधी सून आणि शाळेत जाणारी नातवंडे.

या गप्प जाळ्यांविषयी मला आज लिहायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. पण घरात कोणाला काय ऐकू येते आणि ते कमी-जास्त करण्याचे बटण कोणाच्या हातात असते, हा प्रश्न किरकोळ नाही.

अशा घरांत हल्ली एकच सल्ला मिळतो. रंगकाम निघाले की दुकानदार म्हणतो, हे जुने काढून टाका, भोके बुजवा, प्रत्येक खोलीत नवा वायरलेस स्पीकर ठेवा, सगळे मोबाइलवर चालेल. परदेशातला मुलगाही व्हॉट्सअॅपवर तीच लिंक पाठवतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. छतातले स्पीकर काढू नका. बदलायचे ते मागचे यंत्र बदला, आणि तेही अशा रीतीने की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मोबाइलशिवाय ते वापरता येईल.

याचे पहिले कारण साधे आहे. छतातला स्पीकर म्हणजे एक लोहचुंबक, तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू. त्याला दोन वायरी जातात, बस्स. त्यात ना सॉफ्टवेअर, ना पासवर्ड. त्यामुळे तो जुना होतो तो फक्त शरीराने. शंकूच्या कडेला फोम असेल तर तो दहा-वीस वर्षांत भुसभुशीत होतो, रबर असेल तर जास्त टिकतो. कोकणच्या खाऱ्या हवेत वायरीची टोके काळी-हिरवी पडतात. ती इंचभर कापून नवी सोलली की काम भागते. उलट ज्या वायरलेस स्पीकरच्या पोटात संगणक आहे, त्याचे आयुष्य कंपनी ठरवते. गूगलने २०१५मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ नावाचे छोटे यंत्र आणले, जुन्या स्पीकरना वायफायवर आणणारे. ते स्वस्त होते, चांगले होते, आणि २०१९च्या सुरुवातीला त्याचे उत्पादन बंद झाले. सोनोस ही या धंद्यातली मोठी कंपनी. तिने जानेवारी २०२०मध्ये जाहीर केले की आपल्या काही जुन्या यंत्रांना मे महिन्यापासून नवे सॉफ्टवेअर मिळणार नाही. याच कंपनीने मे २०२४मध्ये नवे अॅप आणले, तेव्हा स्लीप टायमरसारख्या साध्या सोयीही त्यातून गायब होत्या. गिऱ्हाइकांचा संताप इतका वाढला की जानेवारी २०२५मध्ये कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावे लागले. कॅलिफोर्नियातला एक निर्णय श्रीवर्धनच्या घरातला आवाज बंद पाडू शकतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

याला एक चांगले उलट उदाहरणही आहे. स्क्वीझबॉक्स नावाची घरभर संगीत पोहोचवणारी यंत्रे लॉजिटेक कंपनीने २०१२मध्ये बंद केली. पण त्यांना चालवणारा सर्व्हर खुल्या सॉफ्टवेअरचा होता. हौशी लोकांनी तो सांभाळला, आज तो लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने चालतो, आणि ती जुनी यंत्रे अजून वाजतात. म्हणून माझा नियम असा: भिंतीत आणि छतात टाकायचे ते मुके आणि टिकाऊ असावे, हुशार यंत्र भिंतीबाहेर असावे. म्हणजे ते बिघडले तर तेवढेच बदलता येते, छत फोडावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. मी तंत्रज्ञ नाही, भाषा शिकवणारा मास्तर आहे. पण हे काम कळण्याइतके सोपे आहे आणि वायरमनला नेमके काय सांगायचे ते घरच्यांना माहीत असावे.

आधी वायरींची टोके शोधा. ती बहुधा टीव्हीच्या मागच्या पेटीत, जिन्याखाली किंवा माळ्यावर गुंडाळून ठेवलेली सापडतात. एकेका जोडीला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. ज्या खोलीत ‘खर्र’ असा आवाज येईल, त्या खोलीचे नाव चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी वायरीला चिकटवा. जाळी काढून पाहिलीत तर सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लागल्यावर शंकू बाहेरच्या बाजूला सरकतो. सगळ्या स्पीकरची अधिक-उणे बाजू सारखी ठेवा, नाही तर आवाजातला भरदारपणा जातो. घरात दोनच माणसे असली तरी हे काम अर्ध्या तासाचे आहे. एकाने सेल टेकवायचा, दुसऱ्याने खोल्याखोल्यांतून फिरत ऐकायचे.

मग स्पीकरची जात ओळखा. घरगुती स्पीकरच्या मागे ८ ओहम किंवा ४ ओहम असे लिहिलेले असते. ८ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर सहा-सात ओहम दाखवतो, ते बरोबर असते. पण आपल्याकडे अनेकदा मशिदीचे किंवा शाळेचे काम करणाऱ्या माउलीनेच घराचेही काम केलेले असते, आणि त्याने लाइन ट्रान्सफॉर्मरवाले स्पीकर लावलेले असतात. मागे छोटा ट्रान्सफॉर्मर आणि १०० व्होल्ट असा मजकूर दिसला तर त्याला वेगळा, पीए पद्धतीचा अॅम्प्लिफायर लागतो. तिथे हिशेब वॉटचा असतो. ६ वॉटवर लावलेले सहा स्पीकर म्हणजे ३६ वॉट, त्याला ६० वॉटचा अॅम्प्लिफायर आरामात पुरतो. या दोन जाती एकमेकींत मिसळायच्या नाहीत.

घरगुती जातीत हिशेब ओहमचा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अॅम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात, चार जोडले की २. बहुतेक अॅम्प्लिफायर ४ ओहमपर्यंतच तयार केलेले असतात. त्याखाली गेले की ते तापतात आणि बंद पडतात. ‘अॅम्प्लिफायर उडाला’ अशा ज्या कहाण्या ऐकू येतात, त्यातल्या कित्येकींचे मूळ इथे असते. चार खोल्यांना एकाच यंत्राने आवाज द्यायचा असेल तर मधे स्पीकर सिलेक्टर नावाची पेटी घ्या, ओहमचा भार सांभाळणारी. किंवा दोन-दोन स्पीकर एकामागे एक जोडून त्या दोन जोड्या समांतर लावा, एकूण पुन्हा ८ ओहमच होतात. मात्र मग चारही खोल्या एकाच आवाजाला बांधल्या जातात.

आणि इथेच खरा प्रश्न येतो. सगळ्या घरात एकच आवाज हवा, की खोलीगणिक वेगळा?

बाजार म्हणतो वेगळा, कारण त्यात यंत्रे जास्त खपतात. मीही वेगळाच म्हणतो, पण माझे कारण अदबीचे आहे. आपल्या अनेक घरांत सकाळी मोबाइलवर किंवा टीव्हीवर तिलावत लावून ठेवतात आणि मग तिच्यावरून भाजीवाल्याशी घासाघीस, मुलांना ओरडणे, फोनवरच्या गप्पा असे सगळे चालते. तिलावत होत असेल तर कान देऊन ऐका आणि गप्प राहा, ही शिकवण खुद्द कुरआनातली आहे. घरभर एकच आवाज सोडला तर ती पाळणे अशक्य होते. कोणाच्या खोलीत आजारी माणूस असतो, कोणाची दहावी असते, कोणाला रात्रपाळी करून झोपायचे असते. ज्या खोलीत ऐकणारा आहे त्याच खोलीत आवाज, बाकी घर शांत, हे खोलीगणिक रचनेने साधते. हीच रचना नातवाच्या गाण्यांनाही लागू आहे. संगीताबद्दल घराघरात मते वेगळी आहेत, ती असोत. पण नातवाचे गाणे आजीच्या जपात शिरू नये आणि आजीच्या दर्सने नातवाचा अभ्यास मोडू नये, एवढ्यावर तरी कोणाचे दुमत नसावे.

त्यासाठी खोली किंवा खोल्यांचा गट ठरवा आणि प्रत्येक गटाला एक छोटा अॅम्प्लिफायर व एक वायफाय रिसीव्हर द्या. ब्लूटूथवर घरभराचा कारभार करू नका. दोन-तीन भिंती आड आल्या की ते तुटते, आणि ज्याचा फोन जोडलेला असेल त्याला कॉल आला की सगळे घर ऐकते. वायफायवरची यंत्रे एकमेकांशी घड्याळ जुळवून घेतात, हा त्यांचा मोठा गुण. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. दोन खोल्यांतला फरक याच्या पुढे फार गेला तर दारात उभ्या माणसाला प्रतिध्वनी ऐकू येतो आणि शब्द कळत नाहीत. म्हणून घेताना एकच पाहा: यंत्र एका कंपनीच्या अॅपशिवायही चालते का? एअरप्ले, गूगल कास्ट यांसारख्या एकाहून अधिक वाटा त्यात आहेत का? आणि मागे साधा ऑक्सचा सॉकेट आहे का? घरात संगणकाची आवड असलेला मुलगा असेल तर रास्पबेरी पाय आणि स्नॅपकास्ट हे खुले सॉफ्टवेअर घेऊन त्याला हे उभे करता येते. सुट्टीतला उद्योग म्हणून वाईट नाही.

पण यातला सर्वांत महत्त्वाचा भाग स्वस्त आहे आणि बहुतेक जण तोच विसरतात. तो म्हणजे भिंतीवरचे फिरवायचे बटण. जुन्या घरांत ते अनेकदा असतेच, पंख्याच्या रेग्युलेटरसारखे. ते काढू नका. नसेल तर ट्रान्सफॉर्मरवाला व्हॉल्यूम कंट्रोल लावून घ्या. माझ्या मुमानीच्या घरात हे सगळे बसवण्याची चर्चा चालली होती, तेव्हा मुले अॅपबद्दल, आवाजाच्या आज्ञेबद्दल बोलत होती. मुमानींनी एवढेच विचारले, “मला बंद करायचे असले तर कुठे बंद करू?” सगळ्या चर्चेतला हा एकमेव कामाचा प्रश्न होता. घराचा आवाज कुवेतमधल्या मुलाच्या फोनवरून चालत असेल आणि घरात राहणाऱ्या बाईला तो थांबवता येत नसेल, तर त्या घरात कोण राहते, असा प्रश्न पडतो. आपल्याकडे घरे पुरुषांच्या कमाईवर आणि पुरुषांच्या आराखड्यावर उभी राहतात, पण वर्षाचे अकरा महिने त्यांत बायकाच राहतात. जुन्या घरांत स्पीकर कुठे लावलेत ते पाहा. दिवाणखान्यात चार, स्वयंपाकघरात एकही नाही. नव्याने एखादी वायर टाकायचीच असेल तर ती स्वयंपाकघरात आणि आईच्या खोलीत टाका.

आता अजानविषयी. या विषयाकडे येणे भागच आहे, कारण आज आपल्या समाजात आवाजाची चर्चा म्हणजे भोंग्याची चर्चा झाली आहे. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये सांगितले की लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही. त्याआधी मे २०२०मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अजान इस्लामचा भाग आहे, लाउडस्पीकर नाही, असा फरक केला होता. नियम एकाला लावला आणि दुसऱ्याला सोडला अशी तक्रार असेल तर ती जरूर मांडावी, सनदशीर मार्गाने मांडावी. पण त्या तक्रारीची वाट पाहत आईला फज्र ऐकू येऊ नये, हे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये अनेक मशिदी वर्षानुवर्षे छोट्या रेडिओ रिसीव्हरवर घरोघरी अजान पोहोचवत आहेत. मुंबईतही २०२५मध्ये काही मशिदींनी मोबाइल अॅपवरून थेट अजान द्यायला सुरुवात केली. ती अजान मोबाइलच्या बारीक आवाजात उशाशी वाजण्यापेक्षा त्याच खोलीच्या छतातून मृदू आवाजात यावी, यासाठीच तर त्या जाळ्या आहेत. ज्यांचे कान मंद झालेत त्यांना खोलीभर पसरलेला आवाज कळतो आणि शेजाऱ्याची झोपही मोडत नाही. त्याच नियमांत खासगी जागेतल्या आवाजाचीही हद्द आखलेली आहे, घराच्या सीमेवर तो ठरलेल्या पातळीच्या ५ डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनने जे सांगितले आहे ते तर याहून कडक आहे.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. जिथे मशिदीची थेट अजान मिळत नाही तिथे लोक वेळ मोजणारे अॅप लावतात. हे अॅप जसेच्या तसे वापरू नका. कोकणी मुसलमान बहुसंख्येने शाफई आहेत, घाटावरचे बहुतेक हनफी. शाफईंमध्ये वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली सोडून, वस्तूएवढी झाली की असर सुरू होते. हनफी मतानुसार दुप्पट झाल्यावर. अॅपमधला हा पर्याय चुकला तर असरची अजान तासाभराच्या आसपास चुकते. फज्रचेही तसेच. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असताना फज्र धरायची की १५ अंशांवर, यात आपल्याकडे सुमारे १२-१३ मिनिटांचा फरक पडतो. रमजानमध्ये हा फरक म्हणजे सहेरीचा प्रश्न. आपल्या मशिदीचे वेळापत्रक समोर ठेवून अॅप जुळवा. आणि यंत्रातली अजान ही आठवण आहे, मुअज्जिनची जागा ती घेत नाही. बाकीचे आलिमांना विचारा.

यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही दमदार आहेत. एक, ही फुजूलखर्ची आहे. ज्या गावात शाळेच्या छपराला पत्रा नाही तिथे घरात आवाज फिरवण्याच्या गोष्टी कशाला? मी मान्य करतो. ज्या घरात स्पीकर नाहीतच, तिथे छत फोडून नवे लावा असे मी सांगणार नाही. त्या पैशांत एका मुलीचे बीएडचे वर्ष निघते. पण जे आधीच बसवलेले आहे ते काढून फेकणे आणि त्याच कामासाठी दुप्पट पैसे देणे, इसराफ त्याला म्हणतात.

दुसरा आक्षेप असा की घरात आधीच आवाज कमी आहे का? टीव्ही, मोबाइल, रील्स. त्यात छतातूनही आवाज? याचे उत्तर मी वर दिलेच आहे. नीट लावलेली रचना आवाज वाढवत नाही, त्याला जागेवर ठेवते. टीव्हीचा आवाज चार खोल्यांपर्यंत पोहोचावा म्हणून तो पन्नासवर न्यावा लागत नाही. आणि बंद करायचे बटण भिंतीवर, हाताच्या उंचीवर असते.

मे महिन्यात मुले सुट्टीवर येतात. घर दुरुस्तीचे, रंगाचे बेत तेव्हाच होतात, कारण जूनमध्ये पाऊस लागला की लाइटही धड राहत नाही. या वेळी रंगारी शिडी लावून छतापाशी पोहोचेल, तेव्हा त्याला जाळ्या काढायला सांगण्याआधी एक सेल आणि एक चिठ्ठी घ्या आणि कोणत्या वायरीचा आवाज कुठे येतो ते पाहा. मग अॅम्प्लिफायरची लिंक पाठवणाऱ्या मुलाला आईशेजारी बसवा आणि तिला विचारा: तुला काय ऐकायचे आहे, कुठल्या खोलीत, आणि बटण कुठे हवे? यादी तिच्या उत्तरांवरून करा. दुकानात नंतर जा.